रकान्याबाहेरचे साहाय्य

हक्क कागदावर दिला की शासनाचे कर्तव्य संपते काय, हा प्रश्न आम्हां कारकुनांस रोज पडावयास हवा. आम्हांस तो पडला अमेरिकेतील एका वृत्तामुळे. तेथे २०१० च्या कायद्याने आरोग्यविम्याची सरकारी बाजारपेठ उभी राहिली, आणि अर्ज भरताना भांबावणाऱ्या माणसासाठी मार्गदर्शकांची योजना झाली. हे मार्गदर्शक सरकारी अनुदानावर चालतात. विमा कंपन्यांकडून मोबदला घेण्यास त्यांना मनाई आहे. २०१६ साली सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर असलेले हे अनुदान २०१८ साली १ कोटीवर आले, २०२४ साली १० कोटींपर्यंत चढले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पुन्हा १ कोटीवर आणण्याचे जाहीर झाले. कारण काय, तर २०२४ च्या विमावर्षात मार्गदर्शकांनी नोंदविलेली माणसे सुमारे ९२ हजारच; म्हणजे माणशी हजार डॉलरांहून अधिक खर्च!

हिशेब खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. सार्वजनिक पैशाचा जाब मागितलाच पाहिजे. त्यावाचून आमचे खाते तरी कशाला हवे? परंतु ज्याला गरिबांच्या मेडिकेड योजनेची वाट दाखविली, ज्याला नोंदणीनंतर आलेल्या पत्राचा अर्थ समजावून दिला, तो या भागाकारात कोठे बसतो? रकाना आधी आखला जातो. माणूस मागाहून येतो.

आमची गोष्ट निराळी. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेची वर्गणी आमच्या पगारातून परस्पर वळती होते. आम्हांस वाटाड्या कधी लागला नाही, म्हणूनच कदाचित त्याची किंमत कळली नाही.

मागे एका दिवंगत शिपायाची विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन आमच्या मेजाशी आली. अर्ज अपुरा होता. नियमाप्रमाणे आम्ही तो परत केला. दुसऱ्या खेपेसही तेच. तिसऱ्या खेपेस तिने अर्ज पुढे न करता नुसते विचारले, "बाबूजी, येथे काय लिहावयाचे?" आम्ही लेखणी घेतली. बारा मिनिटे लागली. महिनाअखेरच्या तक्त्यात ते प्रकरण 'निकाली : १' असे धरले गेले, आधीच्या दोन खेपांसाठी तेथे रकाना नव्हता.