दुसरी फळी

१९२८ साल. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात किंग्जपोर्टला ए. पी. कार्टर आणि लेस्ली रिडल यांची गाठ पडली. कार्टर गोरा, शेजारच्या व्हर्जिनियाच्या डोंगरातला, बायको सारा आणि भावजय मेबेल यांना घेऊन गाणारा. रिडल काळा. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता, पण गिटारवर हात पक्का. पुढे दोघं गाणी जमवत गावोगाव हिंडले. कुणी गाणं म्हणून दाखवलं की कार्टर शब्द उतरवून घ्यायचा आणि चाल रिडल डोक्यात साठवायचा. परतल्यावर ती चाल तो कार्टर मंडळींना ऐकवायचा. कार्टर कुटुंबाच्या तबकड्या 'हिलबिली', म्हणजे डोंगरी गोऱ्यांची गाणी, म्हणून खपल्या. रिडलची तेव्हा एकही निघाली नाही. निघाली असती, तरी दुकानात तिला दुसरी फळी मिळाली असती.

ही दुसरी फळी आली कुठून? ब्लूज काळ्यांचं आणि कंट्री गोऱ्यांचं, ही वाटणी मातीतच झाली असावी असं आपण धरून चालतो. मला वाटतं, ती बरीचशी काउंटरवर झाली. ऑगस्ट १९२० मध्ये ओके कंपनीने मेमी स्मिथ या काळ्या गायिकेचं 'क्रेझी ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं. ते असं काही खपलं की काळं गिऱ्हाईकही तबकडीला पैसे मोजतं, हे धंद्याच्या ध्यानात आलं. मग त्यांच्यासाठी वेगळी यादी, वेगळे क्रमांक, वेगळ्या जाहिराती: 'रेस रेकॉर्ड्स'. (आज हा शब्द टोचतो. तेव्हा काळ्यांची वर्तमानपत्रंही 'रेस' हा शब्द अभिमानाने वापरत.) ही यादी उभारण्यात ओकेच्या राल्फ पीअरचा हात होता. याच पीअरने १९२३ मध्ये अटलांटात फिडलवाल्या गोऱ्या जॉन कार्सनचं गाणं घेतलं, आणि १९२७ मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंब आणि गोरा गायक जिमी रॉजर्स यांना पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला उभं केलं. दोन्ही फळ्या ठोकणारा सुतार एकच.

कानांना मात्र ही भिंत ठाऊक नव्हती. बँजोचंच बघा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून हे वाद्य घडवलं. तंबोऱ्याचा भोपळा पाहिलेल्या आपल्याला ते लगेच डोळ्यांपुढे येईल. तेच पुढे डोंगरी गोऱ्यांची खूण ठरलं. १९३० मध्ये रॉजर्सने 'ब्लू योडल नंबर ९' गायलं, तेव्हा मागे ट्रंपेट वाजवत होता काळा वादक लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर होती त्याची बायको लिल. तबकडीवर त्या दोघांची नावं नव्हती.

फळीला नुसत्या शिव्या घालून भागत नाही. ती नसती, तर बेसी स्मिथसारख्या काळ्या ब्लूज गायिकेचा आवाज घरोघरी पोचायला किती वर्षं गेली असती कोण जाणे. पण एकदा फळी झाली की गिऱ्हाईक तिथेच जाऊन उभं राहतं. गवयालाही कळतं की आपण काय गायलं तर खपेल. हळूहळू दुकानदाराची सोय लोकांची परंपरा होऊन बसते. १९४९ मध्ये गाण्यांच्या खपाच्या याद्या छापणाऱ्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने 'रेस' हा शब्द टाकला आणि तिथल्या जेरी वेक्सलरने सुचवलेलं 'रिदम अँड ब्लूज' हे नाव घेतलं. पाटी बदलली, फळी जागेवरच.

जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन कंपनीने एल्व्हिस प्रेस्लीची पहिली तबकडी काढली. एका बाजूला आर्थर क्रुडप या काळ्या गायकाचं ब्लूज, दुसऱ्या बाजूला बिल मन्रो या गोऱ्या गायकाचं ब्लूग्रास. दोन फळ्यांचा माल एकाच लाखेच्या चकतीवर, आणि ती लाख बहुधा आपल्याकडच्याच झाडांवरची. गवई गोरा होता म्हणून हे जमलं, असं म्हटलं तर त्यात अर्धं खरं आहे.

उलट्या बाजूने जाणाऱ्याला किती अडायला होतं, ते २०१९ मध्ये दिसलं. लिल नास एक्स या काळ्या मुलाचं 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढलं. त्यात कंट्री पुरेसं नाही म्हणे. तेच गाणं मग सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं.

आणि रिडल? १९६०च्या दशकात माइक सीगर या संग्राहकाने त्याला शोधून काढलं आणि त्याच्याकडून गाणी घेतली. त्या गाण्यांचा अल्बम १९९३ मध्ये निघाला, तेव्हा रिडल हयात नव्हता. मुखपृष्ठावर त्याच्या नावाखाली ब्लूज, कंट्री आणि देवाची गाणी, तिन्ही एकाच ओळीत छापली आहेत.