बेलदाराचा शागीर्द

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतला कोवळा नायक बहुधा घोड्यावरच भेटतो. मिसरूड फुटायच्या आत तलवार गाजवतो. शिकताना चुकलेला, बोलणी खाल्लेला मात्र क्वचितच दिसतो. हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’मधल्या नानासाहेबाला वडिलांची आदिलशाही निष्ठा आणि स्वराज्याची ओढ यांच्या कात्रीत धरले. मनाची ती उलघाल मला दहा लढायांहून मोलाची वाटते.

वसईवर कुणी कादंबरी लिहायला घेतली, तर नायक बेलदारांतला असावा. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी. चिमाजीअप्पांच्या फौजेला १७३९ च्या वेढ्यात तट फोडायला जागा होती ती उत्तरेकडची, आणि तिथे भिस्त होती सुरुंगांवर. त्या भुयारात पंधरा वर्षांचा एक शागीर्द कल्पून पाहा. कुदळ वाजू द्यायची नाही. मातीला कान लावून पलीकडून कुणी खणतंय का, ते ऐकायचं. उस्ताद ‘थांब’ म्हणाला की उचललेला हात तिथेच थांबला पाहिजे.

पण निव्वळ आज्ञाधारक पोर मला नायक म्हणून पुरत नाही. वरून घाईचा हुकूम असताना ‘उस्ताद, इथली माती धरत नाही’ असं तोंडावर सांगणं, हे त्याचं खरं धाडस. तलवारीला टाळ्या मिळतात. अशा बोलण्याला बहुतेकदा शिव्याच मिळतात. वसईत काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत, मागाहून फुटले आणि आपलीच माणसं गाडली गेली. त्यात याचा थोरला भाऊ गेला असं समजू.

मग १६ मे रोजी तह झाला. पोर्तुगीजांना चीजवस्तू घेऊन निघून जायला आठ दिवसांची मुदत मिळाली, आणि ती पाळली गेली. लेखकाने इथे रेंगाळावं. भावाला जाऊन पुरते दहा दिवसही झालेले नाहीत, समोरून शत्रू बायकामुलांसह सुखरूप गलबतांकडे चालला आहे, आणि पोराच्या हातात कुदळ आहे. त्याला चीड येऊ द्यावी, रडू द्यावं, उस्तादाशी भांडूही द्यावं. अप्पांनी दिलेला शब्द आपल्यालाही बांधतो, हे त्याला कुणी व्याख्यान देऊन पटवू नये. शेजारी उभा असलेला उस्तादही आपली माणसं गमावून बसला आहे आणि तरी जागचा हललेला नाही, एवढं त्याने पाहिलं तरी पुरे.