नारळाआधीचे दिवस

हर्णै बंदरात दिवस कलता कलता, समोरच्या सुवर्णदुर्गाच्या तटावर अजून उन्हे असतानाच, नौका येऊन उथळ पाण्यापलीकडे नांगर टाकतात आणि त्यांतील मासळी किनाऱ्याला लावण्यासाठी बैलगाड्या सरळ समुद्रात घातल्या जातात. बैलांच्या पोटाला लाटा लागत असतात, खलाशी वरून भरलेल्या पाट्या उतरवीत असतात, आणि थोड्याच वेळात ओल्या वाळूवर लिलावाचा पुकारा सुरू होतो. सुरमई, सरंगा, बांगडा, हलवा, कोळंबी, माकूळ यांचे वेगवेगळे वाटे मांडलेले असतात. प्रत्येकाचा भाव निराळा, गिऱ्हाईक निराळे. ज्याला हिंसा-अहिंसेचा प्रश्न मनापासून छळतो, त्याने ग्रंथांकडे वळण्यापूर्वी एकदा येथे येऊन उभे राहावे. येथे मरण रोजच्या हिशेबात धरलेले आहे, आणि तरीही येथील माणसे श्रद्धेला पारखी झालेली नाहीत. एका नौकेवर एकवीरेची तसबीर असते, तर शेजारच्या नौकेवर पिराचे निशाण फडकत असते. जीव घेऊन जगणे ज्याच्या वाट्याला आले, त्याचा धर्म कोणता?

महाभारताच्या वनपर्वात या प्रश्नाला एक उत्तर मिळते. ज्याच्या क्रोधाच्या दृष्टीने बगळी जळून पडली, तो तपस्वी कौशिक एका गृहिणीच्या सांगण्यावरून मिथिलेस जातो आणि मांस विकणाऱ्या व्याधाच्या दुकानापुढे शिष्य होऊन उभा राहतो. व्याध आपल्या व्यवसायाची भलामण करीत नाही. तो त्याला घोरच म्हणतो. मात्र नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात, चालणाऱ्याच्या पावलाखाली किती चिरडले जातात, हे दाखवून तो सांगतो की, हिंसेपासून सर्वस्वी मुक्त असा कोणी या जगात नाही. या उपदेशाची थोरवी मला पूर्णपणे मान्य आहे. पण त्याचा जो सोयीस्कर अर्थ पुढे लावण्यात आला, तो मला मान्य नाही. कोणीच निष्पाप नाही, एवढ्यावरून कोणालाच मर्यादा नाही, असे ठरत नाही. उलट हिंसा अटळ आहे हे एकदा पत्करले की, ती किती, कशासाठी आणि कोणत्या वेळी, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

मच्छीमाराच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो, कारण शेतकरी पेरतो तेव्हा त्याला उगवते. समुद्रात मात्र कोणी काही पेरलेले नसते. नांगरट, राखण, पाणी, यांपैकी कशाचाही हक्क कोळ्याला सांगता येत नाही. त्याचे कष्ट अपार असले तरी ते घेण्याचे कष्ट आहेत, निर्माण करण्याचे नव्हेत. जो केवळ घेतो त्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: घेतलेल्यातून वाटा देणे आणि घेण्याला खंड पाडणे. वाट्याची रीत किनाऱ्याला परकी नव्हती. मालवणकडे रापणीचा दोर ओढायला वाळूवरून धावून आलेल्या परक्या हातालाही मूठभर मासळी मिळत असे.

खंडाची गोष्ट मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे. पूर्वी मृगाच्या सुमारास होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जात आणि श्रावणातल्या पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावरच पुन्हा पाण्यात लोटल्या जात. हा खंड पाळला जाई तो मुख्यतः वादळाच्या भयाने, हे मान्य केले पाहिजे. शिडाच्या होडीने आषाढातल्या समुद्रात जाणे म्हणजे मरणाला आमंत्रण होते. परंतु पुष्कळ मासळीच्या विणीचा काळही तोच असल्यामुळे, जे काम व्रताने करावयाचे ते भयाने करून टाकले. पुढे इंजिन आले, बर्फाची सोय झाली, मासळीचा थवा दाखविणारी यंत्रे आली, आणि ते भय बरेचसे ओसरले. तेव्हा सरकारला मनाईहुकूम काढावा लागला: पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, एकूण 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद.

आता एक अडचण पाहा. मनाईची मुदत तारखेने संपते आणि नारळ तिथीने पडतो. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला आली. म्हणजे कायद्याने दार उघडल्यापासून परंपरेने ते उघडेपर्यंत जवळजवळ एक महिना गेला. या दिवसांत वादळाचे भय पूर्वीइतके नसते आणि दंडाचे भय तर मुळीच नसते. कोणी नाखवा नारळ पडेपर्यंत दोर सोडीत नाही. कोणी पहिल्या तारखेच्या पहाटेच निघतो. भक्तीचा खरा कस मला या दिवसांत दिसतो. पौर्णिमेच्या मिरवणुकीत तो तितका दिसत नाही.

न थांबण्याचा परिणाम लिलावाच्याच वाळूवर, जरा कडेला, पाहावयास मिळतो. नावाने विकल्या जाणाऱ्या वाट्यांपासून दूर एक करडा, चिकट ढीग पडलेला असतो. हाताने उकलला तर त्यात बोटभर वाकट्या, पाय तुटलेल्या चिंबोऱ्या, माकुळाची पिले, आणि मध्येच रुपयाएवढा एखादा सरंगा सापडतो, ज्याची चांदी नखाला लागताच निघून येते. याचा पुकारा कोणी नावाने करीत नाही. हा वजनावर फिशमीलच्या कारखान्याकडे जातो. याच सरंग्याला 2023 साली राज्यमाशाचा मान मिळाला, आणि साडेतेरा सेंटीमीटरहून लहान सरंगा धरू नये असा नियमही त्याच वर्षी झाला. व्याधाच्या दुकानातील प्रत्येक मांसखंडाला निदान एक खाणारा होता, एक भूक होती. या ढिगातल्या जिवांना अंडी घालण्याएवढे आयुष्य मिळाले नाही आणि कोणाच्या पानात पडण्याचे सार्थकही लाभले नाही. मासेमारीत पाप कोठे आहे असे मला कोणी विचारले, तर सुरमईच्या वाट्याकडे न पाहता मी या ढिगाकडे बोट दाखवीन.

मात्र ते बोट तांडेलावर किंवा खलाशावर रोखण्याचा अधिकार मला नाही. नौकेवर कर्ज असते, डिझेलचे पैसे आगाऊ घेतलेले असतात, दोन महिने रिकामे गेलेले असतात. आणि एका नाखव्याने श्रद्धेने नौका बांधून ठेवली, तरी त्याने न धरलेली मासळी शेजारच्या नौकेच्या जाळ्यात जाते. एकट्याने पाळलेले व्रत समुद्रावर त्याला दंडासारखे भरावे लागते. गावात स्वस्त मिळतो म्हणून तळहाताएवढा सरंगा उचलणारे गिऱ्हाईक श्रावण कडक पाळीत असले, तरी या व्यवहारातून त्याचे नाव वगळता येत नाही. व्याधाने कौशिकाला जे सांगितले ते एका माणसाने एका माणसाला सांगितले होते. बंदराला ते तसेच्या तसे पुरत नाही. नारळ पडेपर्यंत एकही नौका सुटणार नाही, असा ठराव ज्या कोळीवाड्याची गावकी करते आणि तो मोडणाऱ्याला, मग तो कितीही बडा नौकामालक असो, जाब विचारते, तेथे नाखव्याची श्रद्धा त्याला एकट्याला भोवत नाही. असा ठराव होईपर्यंत त्या कर्जबाजारी नाखव्याला संयमाचा उपदेश करावयास माझी जीभ उचलत नाही. जे मागावयाचे ते साऱ्या बंदराकडे, आणि बंदराची मासळी खाणाऱ्या आपणा सर्वांकडे मागितले पाहिजे.