काणाडोळा

माझे आजोबा घरात शिरताना खाकरत असत. त्यांना खोकला नव्हता. ओटीवरून माजघरात जायचे झाले की उंबरठ्याशी क्षणभर थांबत, घसा साफ केल्यासारखा आवाज करीत आणि मगच पाऊल आत टाकीत. घर त्यांचे, बांधलेलेही त्यांनीच. पण आत सुना असत. कोणी पदर सारखा करील, कोणी डोळे पुसून घेईल, तेवढी सवड त्यांना मिळावी म्हणून ते खाकरणे. पाममधल्या आमच्या त्या घराच्या भिंती कुडाच्या होत्या. एका खोलीतली कुजबूज दुसरीत ऐकू येई. तरीही त्या घरात प्रत्येकाला आपापला एकांत होता, हे मला आता, चाळिशी उलटल्यावर, कळते आहे.

ते घर आता नाही. तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली, बोईसर स्टेशनाकडून इमारती सरकत सरकत आमच्या गावापर्यंत आल्या, आणि मीही अशाच एका चार मजली इमारतीत राहू लागलो. कोणी जळगावचा, कोणी कोल्हापूरचा, कोणी उत्तरेकडचा. बहुतेक जण कारखान्यांत पाळ्यांनी काम करणारे. मी शाळामास्तर. दहावीपुढे शिक्षण नाही, पण कादंबऱ्या लिहितो. आणि ज्याला लिहिता येते त्याच्या गळ्यात सोसायटीचे चिटणीसपद घालावे असा आपल्याकडे रिवाजच आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडून दोन सायकली आणि एका मोटारसायकलची बॅटरी नाहीशी झाली. सभा भरली, वर्गणी निघाली, आठ कॅमेरे आले. फाटकाशी, टाकीपाशी, अंगणात, प्रत्येक मजल्याच्या जिन्यात आणि शेवटचा गच्चीच्या दाराशी. ठरावावर सही माझी. कॅमेऱ्यांचे चित्र कार्यालयातल्या पडद्यावर दिसे, आणि कमिटीच्या आम्हां पाच जणांच्या मोबाईलवरही. ते मोबाईलवर कशाला हवे, असे त्या वेळी कोणी विचारले नाही. मीही नाही.

कॅमेऱ्यांनी काहीच भले केले नाही, असे म्हणालो तर ते खोटे होईल. चौथ्या मजल्यावरची चार वर्षांची पोर एका दुपारी दिसेनाशी झाली. आई रडकुंडीला आलेली, आम्ही सगळे रस्त्याकडे धावलेले. शेवटी पडद्यावर पाहिले तेव्हा बाईसाहेब मांजराच्या पिल्लामागून पंपाच्या खोलीकडे गेलेल्या दिसल्या. दहा मिनिटांत सापडल्या. आणि पुढे मी कॅमेऱ्यांविरुद्ध बोलू लागलो तेव्हा रात्रपाळी करून येणारी एक मुलगी मला म्हणाली, ‘‘मास्तर, रात्री बारा वाजता एकटीने तो जिना तुम्हांला चढावा लागत नाही.’’ तिला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आजही नाही.

यंदा जुलैमध्ये पुन्हा एक सायकल गेली. ती शोधायला मी कार्यालयात चित्रण पाहत बसलो. सायकल सापडली नाही. सापडले ते दुसरेच. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ सकाळी साडेसातला डबा घेऊन घराबाहेर पडत. तासाभराने, बायको मुलाला शाळेत सोडायला गेली की, हळूच परत येत; पण घरी न जाता थेट गच्चीच्या जिन्यात जाऊन बसत. दुपारी तिथेच डबा खात. रिकामा डबा रुमालाने पुसून ठेवत. संध्याकाळी पाच वाजता केसांवरून हात फिरवीत, कामावरून आल्यासारखे घरी जात. एक दिवस नव्हे, चार दिवस. ठेकेदाराने त्यांना कमी केले होते, हे मागाहून कळले.

त्या रात्री जेवताना मी हे बायकोला सांगितले. सांगताना मनात वाईट हेतू नव्हता, कीवच होती. शेवटी म्हणालो, ‘‘कोणाला बोलू नकोस हं.’’ तेच वाक्य जोडून तिने ते एका शेजारणीला सांगितले. तिसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना ते त्या गृहस्थांच्या पत्नीच्या कानावर गेले. ती पुढे माझ्या बायकोला एवढेच म्हणाली, ‘‘नोकरी गेली त्याचे काही नाही वहिनी. सगळ्या इमारतीला माझ्याआधी कळले.’’

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करतो आहे. समजा, मी काही कामाने गच्चीवर निघालो असतो आणि ते मला तिथे डबा खाताना दिसले असते, तर? मी त्यांना पाहिले असते आणि त्यांनीही मला पाहिले असते. दोघेही ओशाळलो असतो. ते म्हणाले असते, ‘‘मास्तर, घरी बोलू नका.’’ आणि मी मेलो तरी बोललो नसतो. पडद्यासमोर बसून मी त्यांचे सारे पाहिले, पण मला ‘सांगू नका’ म्हणण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. ते वाक्य त्यांच्या तोंडचे होते. मी ते जेवणाच्या पाटावर बायकोपाशी खर्चून टाकले.

कोणी म्हणेल, जिना काय, तो सगळ्यांचाच. तिथे कसला आला एकांत? हा प्रश्न आपल्याकडे फार वरपर्यंत गेलेला आहे. उत्तर प्रदेशातल्या खरकसिंग नावाच्या इसमावर दरोड्याचा आरोप आला, पुराव्याअभावी तो सुटला. तरी पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली आणि रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावू लागले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीचे दार ठोठावणे घटनेविरुद्ध ठरवले, पण माणसाच्या जाण्यायेण्यावर नजर ठेवण्यात त्याचा कोणताही मूलभूत हक्क बुडत नाही, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना ते पटले नाही. त्यांनी वेगळा निकाल लिहिला. पंचावन्न वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. आणि २०२५ मध्ये कोलकात्यातल्या, एकाच घरात राहणाऱ्या भावाभावांच्या तंट्यात तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितले की, घराच्या राहत्या भागात दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीवाचून कॅमेरे चालवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. पण हे झाले घराच्या आतले. जिन्याचे काय? माझ्या शेजाऱ्याला घरात लपायला जागा नव्हती म्हणून तर तो जिन्यात आला होता!

माझे मामा नायगावच्या बीडीडी चाळीत राहत. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या त्या चाळी. मजल्यामजल्यावर समोरासमोर खोल्या, प्रत्येक एकशे साठ चौरस फुटांची, मधून लांब बोळ, आणि सगळ्यांचे संडास सामाईक. सुट्टीत तिथे गेलो की मला वाटे, इथे माणसाचे काहीच झाकलेले नाही. कोणाकडे काय शिजले, कोण दारू पिऊन आला, कोणाची सून माहेरी गेली, सारे चव्हाट्यावर. चाळीत निंदा भरपूर होती, ती मी विसरलेलो नाही. पण मामांच्या शेजारची बाई सावकार येऊन गेल्यावर दाराआड रडत बसली, तेव्हा मामी बोळातून जाताना कळशीकडे बघत गेली आणि तासाभराने, सहज आल्यासारखी, वाटीभर साखर मागायला तिच्याकडे गेली. घरात साखर होती. हे मी पाहिले आहे.

आपल्या भाषेत यासाठी शब्द आहे: काणाडोळा. आपण तो बहुधा दोष दाखवायला वापरतो. अधिकाऱ्याने काणाडोळा केला, पोलिसाने काणाडोळा केला. पण मामीने केला तोही काणाडोळाच, आणि आजोबांचे खाकरणे त्याच जातीचे. पाहणारा स्वतः दिसत होता, म्हणून त्याला मान वळवता येत होती. कॅमेऱ्याला मान नाही. इंग्रज विचारवंत बेंथॅमने अठराव्या शतकाच्या अखेरीस एका तुरुंगाचा आराखडा काढला होता: मध्यभागी पहारेकरी, भोवती कोठड्या, त्याला सगळे दिसावेत, तो मात्र कोणाला दिसू नये. त्याने तो कैद्यांसाठी काढला होता. आम्ही वर्गणी काढून तो स्वतःसाठी बांधला.

दसऱ्यानंतरच्या सभेत मी तीन गोष्टी मांडल्या. गच्चीच्या दाराचा कॅमेरा काढावा. मोबाईलवरचे चित्र बंद करावे. आणि चित्रण पाहायचे झाल्यास दोघांनी मिळून पाहावे; कोणी, केव्हा, कशासाठी पाहिले ते वहीत लिहावे, आणि ती वही कोणाही रहिवाशाला वाचायला मिळावी. पहिली गोष्ट नामंजूर झाली; गच्चीवरूनच चोर येतात, असे अध्यक्षांचे म्हणणे पडले. दुसरीवर बरीच कुरकुर झाली, पण ती मंजूर झाली. तिसरीला कोणाचा विरोध नव्हता. वही आणायचे काम माझ्याकडेच आले.

त्या गृहस्थांना आता दुसरीकडे काम मिळाले आहे. जिन्यात भेटले की ते किंचित हसतात आणि बाजूला होऊन मला वाट देतात. दर दिवाळीला त्यांच्या घरून आमच्याकडे फराळाचे ताट येते. ताट घेऊन वहिनी स्वतः येत, घटकाभर बसत. यंदा त्या येतील की मुलाच्या हाती पाठवतील, हे माझी बायको रोज एकदा तरी बोलून दाखवते.

वही आणली, रेघा मारल्या आणि पहिल्या ओळीत माझे नाव लिहिले. तारीख जुलैची. कारण : हरवलेली सायकल. दुसऱ्या पाहणाऱ्याच्या सहीची जागा कोरी राहिली. अध्यक्षांनी चष्मा वर करून ते वाचले आणि म्हणाले, ‘‘मास्तर, वही तर आत्ता सुरू होते आहे. ही जुनी नोंद कशाला?’’

मी म्हणालो, ‘‘असू द्या.’’