बाईक माझ्या नावावर, जोखीम कुणाच्या?

‘माझी बाईक, माझे पैसे, माझा जीव. तुला काय त्रास?’ बाईकवर लांब फिरणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपमध्ये हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. बहुतेक वेळा ते आईला उद्देशून असतं, कधी ट्रॅफिक पोलिसाला. ऐकायला उर्मट वाटतं, पण त्यामागचा युक्तिवाद तगडा आहे. तो झटकून टाकण्याआधी समजून घ्यायला हवा.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’मध्ये तो मांडला. शहाण्यासुरत्या माणसावर बळजबरी करायची तर कारण एकच चालेल: त्याच्यामुळे इतरांना होणारी इजा. ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे कारण पुरेसं नाही. मिल पुलाचं उदाहरण देतो. एखादा माणूस कच्च्या पुलावर पाऊल टाकतोय, त्याला ते ठाऊक नाही आणि सांगायला वेळही नाही, तर त्याला धरून मागे ओढा. पण पूल पडेलच असं नसेल, नुसता धोका असेल, तर सावध करा आणि बाजूला व्हा. पलीकडे जायचं की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्या.

आम्हा बाईकवाल्यांना हे लगेच पटतं. धोका आम्हाला माहीत असतो. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवर होती. हा आकडा वाचूनही शनिवारी पहाटे पाचला ताम्हिणीकडे निघायचं असेल, तर निघू द्या.

कारण त्या निघण्यात काहीतरी मोलाचं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आठवडाभर जे करतो ते सगळं मागे घेता येतं. कोड चुकला तर रोलबॅक, मेसेज चुकला तर डिलीट. घाटातल्या वळणावर रोलबॅक नसतो. पुढे खडी आहे का, समोरून एसटी येतेय का, मागचा ब्रेक किती दाबायचा, यापलीकडे डोक्यात काही उरत नाही. झाडीत शिरताच हवा गार झालेली अंगाला कळते. वस्ती जवळ आली की आधी चुलीच्या धुराचा वास येतो, मग घरं दिसतात. लहानपणी बाबांच्या स्प्लेंडरवर पुढे टाकीवर बसायचो, तेव्हापासून मला ही एकाग्रता दुसरीकडे कुठेच मिळालेली नाही. ती ‘रिकामी हौस’ आहे, असं कुणी म्हटलं तर मी भांडेन.

पण मिलचा माणूस पुलावर एकटा, पायी चाललाय. आपण एकटेही नसतो आणि पायीही नसतो.

ताशी ६० किलोमीटरला बाईक सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, ९० ला २५ मीटर. वेग दीडपट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण सव्वादोनपट होतं. मेंदूला ब्रेकपर्यंत पोचायला लागणारा सेकंद वेगळाच. या अंतरात शाळेतून घरी निघालेली मुलगी असू शकते, डोक्यावर मोळी घेतलेली आजी असू शकते. पूल ओलांडायचं तुम्ही ठरवलंत. त्यांना कुणी विचारलं?

मागे बसलेल्या माणसाचं तर बोलायलाच नको. त्याच्या हातात ना ब्रेक, ना ॲक्सिलरेटर, पुढचा रस्ताही त्याला धड दिसत नाही. ‘चल ना’ म्हटल्यावर तो बसला, एवढीच त्याची संमती. ती ६० ला दिलेली असते, ११० ला नाही. आणि बाईक दरीत गेलीच, तर दोर लावून खाली उतरतात ती आसपासच्या गावातली आणि ट्रेकिंग ग्रुपमधली पोरं. आपल्या धाडसाची उरलेली जोखीम ते उचलतात, तीही फुकट.

आपल्या कायद्यालाही हा फरक कळतो. स्वतःच्या बाईकचा विमा काढायचा की नाही ही तुमची मर्जी, पण थर्ड पार्टी विमा सक्तीचा. स्वतःचं नुकसान सोसा हवं तर, दुसऱ्याचं मात्र भरूनच द्यावं लागेल.

मग आईचं काय? ती रस्त्यावर नसते, तरी रात्रभर जागी असते. इथे मी मिलच्या बाजूनं आहे. दुसऱ्याची काळजी हीच इजा मानली, तर कुणालाच घराबाहेर पडता येणार नाही. ना गिर्यारोहकाला, ना सैनिकाला, ना परगावी शिकायला निघालेल्या मुलीला. काळजी ही प्रेमाबरोबर येते. त्यातून आईला आपल्याला अडवण्याचा हक्क मिळत नाही. पण विचारण्याचा हक्क मिळतो आणि आपण खरं उत्तर देणं लागतो.

खरं उत्तर देण्यासाठी एक हिशेब करावा लागतो. बाईकवरचा काही धोका त्या आनंदातच विणलेला असतो. दोन चाकं, उघडं अंग, खराब रस्ते. तो काढला तर बाईकच उरत नाही. बाकीचा धोका आपण वरून घातलेला असतो. हेल्मेट हँडलला अडकवणं, तीन रात्रींची अपुरी झोप, आंधळ्या वळणावरचा ओव्हरटेक, रीलसाठी सोडलेला एक हात. यातली कुठली गोष्ट काढून टाकली तर घाटातला तो गारवा कमी होतो? एकही नाही. म्हणून पहिल्या धोक्याचं समर्थन मी कुणाहीसमोर करेन. दुसऱ्याचं करता येत नाही, कारण त्याच्या बदल्यात काही मिळतच नाही.

‘पण मला वेगातच मजा येते,’ असं कुणी म्हणेल. प्रामाणिक मुद्दा आहे. त्यासाठी ट्रॅक आहेत. कोइमतूरजवळ कारी, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै. तिथे ट्रॅकवर उतरलेला प्रत्येक जण धोका ओळखून, स्वतःहून आलेला असतो. समोरून कुणाची आजी येत नाही. सार्वजनिक रस्त्यावर तोच वेग म्हणजे दुसऱ्यांच्या खिशातून खेळलेला जुगार.

म्हणजे ‘माझा जीव’ हे म्हणणं खोटं नाही, अपुरं आहे. जीव माझाच, पण जोखमीत भागीदार बरेच, आणि त्यातल्या बहुतेकांची सही कुठेच नाही. ज्यांना विचारता येतं, त्यांना विचारावं. मागे बसणाऱ्याला हेल्मेट द्यावं, वेग त्याच्या सोयीनं ठेवावा. घरी रस्ता आणि मुक्काम सांगून निघावं. ज्यांना विचारता येत नाही, त्यांच्या वाडीतून जाताना त्यांनी ‘नाही’ म्हटलंय असं धरून चालवावं.

एवढं करून उरतो तो धोका आपला. तो घेऊन खुशाल निघावं. पावसाळ्यात ताम्हिणी खरंच सुंदर असतो.