जोड बरोबरीची हवी

कॉलेजात शेक्सपिअर करायचं ठरलं की पात्रवाटपाच्या दिवशीच अर्धं नाटक हातातून निसटतं. देखणा चेहरा आणि स्वच्छ उच्चार असलेला मुलगा नायक होतो. ज्याचा आवाज खर्जातला, ज्याला एक भुवई चढवून हसता येतं, तो खलनायक. ‘ऑथेल्लो’ असेल तर इयागोच्या वाट्याला काळा कुडता, लाल प्रकाश आणि प्रत्येक वाक्यामागे एक कुत्सित हसू येतं. हा माणूस दगाबाज आहे हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही पहिल्या पाच मिनिटांत कळतं. कळत नाही ते फक्त ऑथेल्लोला. मग त्याची कीव येण्याऐवजी राग येऊ लागतो, एवढा मोठा सेनापती आणि याला समोरचं दिसत कसं नाही! शोकांतिका बाजूला राहते आणि एका भोळ्याला कुणी कसं गंडवलं याची गोष्ट उरते.

सातारा-सांगलीकडची मुलं जीव तोडून नाटक करतात. दिवसभर लेक्चर, संध्याकाळी तालीम आणि रात्रीची शेवटची एसटी, असे दिवस काढून त्यांचा प्रयोग उभा राहतो. त्या मेहनतीला साजेसं फळ मिळावं म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दोन परस्परविरोधी पात्रं उभी करायची असतील तर आधी त्यांच्यातलं साम्य शोधलं पाहिजे. विरोध त्यातूनच बाहेर येतो. वरून चिकटवलेला विरोध पहिल्या प्रवेशानंतर शिळा होतो.

ठळक रंगांत माणसं रंगवायची आपली सवय जुनी आहे, आणि तिची लाज वाटायचं काही कारण नाही. 1843 साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या परंपरेत देव वेगळे आणि राक्षस वेगळे. राक्षस आरोळी ठोकतच यायचा, त्याची रंगभूषा भडक, चाल दणदणीत. कथा सगळ्यांना पाठ होती, राम कोण आणि रावण कोण हे सांगायची गरज नव्हती. तिथे तो विरोध शोभून दिसला आणि त्याने मराठी माणसाला नाटकाची गोडी लावली. शेक्सपिअरची गोष्ट निराळी आहे. त्याच्याकडे राक्षस आरोळी ठोकत येत नाही. तो मित्राच्या चालीने येतो, आणि सगळे त्याला प्रामाणिक म्हणतात.

हा दुसऱ्या जातीचा विरोध पुढच्या पन्नासएक वर्षांत याच कृष्णाकाठाने मराठीत आणला. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, ते 1883 साली प्रसिद्ध झालं. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिलं. साताऱ्याचं जुनं नाव मिरवणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळीतून गणपतराव जोशींचा हॅम्लेट महाराष्ट्रभर गाजला. आणि सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी शेक्सपिअर इतका पचवला की त्यातून स्वतःचं मराठी नाटक निघालं. म्हणजे सातारा-सांगलीच्या मुलांना शेक्सपिअर परका नाही. तो त्यांना वारशाने मिळालेला आहे.

आता ‘ऑथेल्लो’च्या तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश जवळून पाहू, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त वाया जातो तो हाच. प्रवेशाच्या सुरुवातीला ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी तिळमात्र शंका नाही. इयागोला डावलून ज्याला बढती मिळाली तो कॅसिओ ऑथेल्लोच्या बायकोशी, डेस्डिमोनाशी, बोलून निघून जातो आणि इयागो स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही. मग इयागो एक साधा प्रश्न टाकतो, ऑथेल्लो उत्तर देतो, आणि इयागो त्याचाच शब्द प्रश्नासारखा परत करतो. पुन्हा तसंच. तो आरोप करत नाही, पुरावा देत नाही, आवाज चढवत नाही. शेवटी ऑथेल्लोच चिडतो की हा माझेच शब्द मला ऐकवतो आहे, याच्या पोटात काहीतरी भयंकर दडलं असलं पाहिजे. दडलेलं ते तिथेच, ऑथेल्लोच्या स्वतःच्या डोक्यात, तयार होत असतं. प्रवेश संपताना सेनापती गुडघे टेकून सुडाची शपथ घेतो, आणि इयागो त्याच्या शेजारी गुडघे टेकतो. सुरुवातीला वरचा अधिकारी आणि हाताखालचा माणूस असे उभे असलेले दोघे शेवटी एका रेषेत, एका उंचीवर बसलेले दिसतात. ज्या पदासाठी इयागोला डावललं होतं, ते पदही त्याच क्षणी त्याच्या पदरात पडतं. पुढच्या अंकात इयागोच्या तोंडच्या जनावरांच्या प्रतिमा ऑथेल्लोच्या तोंडून बाहेर पडू लागतात.

या दोघांत सारखं काय आहे, याची यादी तालमीत फळ्यावर लिहून काढावी. दोघेही शिपाईगडी, आयुष्य छावणीत गेलेलं. दोघांनाही आपल्या बायकोबद्दल संशय, कारण ऑथेल्लोचा आपल्या बायकोशी संबंध असावा असं इयागोलाही वाटतं आणि पुरावा नसताना तो ते खरं धरून चालतो. दोघांपैकी एकही बायकोला समोर बसवून मोकळ्या मनाने विचारत नाही. आणि शेवटच्या प्रवेशात दोघेही आपापल्या बायकोचा जीव घेतात. एमिलियाला इयागोच मारतो, हे विद्यार्थ्यांच्या संक्षिप्त संहितेत बहुधा गाळलेलं असतं. ही यादी पुरी झाली की खरा फरक लख्ख दिसतो. एकाच संशयाने ऑथेल्लो कोसळतो, इयागो त्याच संशयावर जगतो. सत्य कळल्यावर ऑथेल्लो स्वतःला शिक्षा देतो. इयागो मात्र यापुढे एक अक्षर बोलणार नाही असं जाहीर करून तोंड मिटतो. या फरकाला ना काळा कुडता लागतो, ना लाल प्रकाश.

इकडच्या जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात जाणकार माणसं जोड कशी लावतात ते पाहावं. वजन, तयारी, उंची जुळल्याशिवाय ते दोन पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात देत नाहीत. विषम जोडीची कुस्ती मिनिटात निकाली निघते आणि लोक उठून जातात. शेक्सपिअर जोड लावण्यात वस्ताद होता.

‘हॅम्लेट’मध्ये त्याने तिघांची जोड लावली आहे. हॅम्लेटच्या बापाचा खून झाला आहे. फोर्टिनब्रासचा बाप हॅम्लेटच्या बापाच्या हातून मेला आहे. लेआर्टिसचा बाप पोलोनियस खुद्द हॅम्लेटच्या तलवारीने मेला आहे. दुःख एकच, बाप गेल्याचं, आणि कर्तव्यही एकच मानलेलं, सुडाचं. हॅम्लेट विचार करत राहतो. लेआर्टिस बातमी कळताच माणसं जमवून राजवाड्यात घुसतो आणि राजाच्या हातातलं खेळणं बनतो. फोर्टिनब्रास जमिनीच्या एका क्षुल्लक तुकड्यासाठी फौज घेऊन निघतो आणि शेवटी राज्य त्यालाच मिळतं. लेआर्टिसच्या दुःखात आपल्याच दुःखाचं प्रतिबिंब आहे, हे हॅम्लेट शेवटच्या अंकात कबूल करतो. तरीही वेळ कमी पडला की लेआर्टिसला आधी कात्री लागते. तो गेला की हॅम्लेटचं थांबणं कशाशी ताडून पाहायचं हेच प्रेक्षकाला कळत नाही, आणि मग तो नुसता कुरकुऱ्या राजपुत्र वाटतो.

हे मर्म आगरकरांना पुस्तकात शोधावं लागलं नसेल. 1882 साली ते आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र होते. देशासाठी आयुष्य द्यायचं हे दोघांनी कॉलेजातच ठरवलेलं, शाळा एक, वर्तमानपत्रं एक, शिक्षाही एक. पुढे सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, या प्रश्नावर वाटा फुटल्या. 1887 साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. महाराष्ट्राच्या इतिहासात या दोघांइतकी लक्षात राहिलेली विरोधी जोडी क्वचितच सापडेल. ती लक्षात राहिली कारण दोघांच्या पायाखालची जमीन एक होती. अनोळखी माणसांच्या मतभेदाची इतकी वर्षं आठवण कोण ठेवतं?

खाडिलकरांनी हे सूत्र उचललं आणि मराठी मातीत रुजवलं. ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ हे त्यांचं पहिलं नाटक. तरुण पेशव्यात हॅम्लेटची छाया आहे आणि त्याच्या मनात विष कालवणाऱ्या केशवशास्त्रीत इयागोची, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखवून दिलं आहे. दोन वेगळ्या नाटकांतली माणसं त्यांनी शनिवारवाड्यात समोरासमोर आणली. इतिहासातला सवाई माधवराव 1795 साली गेला तेव्हा जेमतेम 21 वर्षांचा होता, म्हणजे आजच्या टी. वाय.च्या मुलाच्या वयाचा. राज्य नावाला आपलं, कारभार दुसऱ्याच्या हाती, आणि कान भरणारा माणूस रोज शेजारी. हे दुःख समजायला आजच्या विद्यार्थ्याला डेन्मार्कला जावं लागत नाही.

1907 साली आलेल्या ‘कीचकवधा’त त्यांनी त्याहून अवघड काम केलं. तिथे विरोध खल आणि सज्जन यांच्यापुरता राहिला नाही, तो दोन सज्जनांमध्ये आला. द्रौपदीचा अपमान धर्मराजाचाही आहे आणि भीमाचाही. एकाला नियमाची चाड, दुसऱ्याला अन्यायाची चीड. प्रेक्षकांनी त्यात मवाळ आणि जहाल पाहिले, कीचकात कर्झन पाहिला, आणि सरकारने 1910 साली नाटकावर बंदी घातली. धर्मराज नेभळट दाखवला असता तर भीमाच्या संतापाला काही किंमत राहिली नसती.

तालमीत हे उतरवायचं कसं? पहिली गोष्ट, भूमिका अदलाबदल करून वाचाव्यात. 1881 साली लंडनच्या लायसियम थिएटरात हेन्री अर्व्हिंग आणि एडविन बूथ हे दोन नामांकित नट ऑथेल्लो आणि इयागो आलटून पालटून करत होते. 1956 साली ओल्ड व्हिकमध्ये रिचर्ड बर्टन आणि जॉन नेव्हिल यांनी तेच केलं. ज्याने एकदा इयागोची बाजू मनापासून बोलून पाहिली, तो नट ऑथेल्लो करताना समोरच्याचं खरंच ऐकू लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पात्राची तक्रार आपल्या गावात शोधावी. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावांत पिढ्यान्पिढ्या घराघरातून फौजेत माणसं गेली आहेत. वर्षानुवर्षं मोर्चावर काढलेल्या माणसाला डावलून पुस्तकी ज्ञानाच्या पोराला बढती मिळाली, तर घरात किती दिवस चूल गप्प पेटते हे तिथल्या मुलाला सांगावं लागणार नाही. इयागोची सुरुवात तिथून होते. त्याचा अपराध त्याने माफ होत नाही, पण तो माणूस म्हणून उभा राहतो.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नायक प्रमाण मराठीत बोलतो आणि खलनायक किंवा विनोदी नोकर गावरान बोलतो, ही खोड आपण मोडली पाहिजे. ज्या मुलांच्या घरात हीच बोली आहे, तीच मुलं स्टेजवर तिला लबाडीची भाषा बनवतात, याचं वाईट वाटतं. दोघांनाही एकच बोली द्या. फरक वाक्याच्या बांधणीत ठेवा. ऑथेल्लोची वाक्यं लांब, भरदार, लाटेसारखी पुढे जाणारी. इयागोचं बोलणं तुटक, व्यवहारी, पैशाच्या हिशोबाचं. कान असलेल्या नटाला एवढं पुरतं.

चौथी गोष्ट मुलींच्या भूमिकांची. शाहूनगरवासी मंडळीत गणपतरावांसमोर स्त्रीभूमिका बाळाभाऊ जोग करत. आज मुली आहेत, तयारीच्या आहेत, पण त्यांना रडायला आणि मरायला तेवढं स्टेजवर आणलं जातं. ‘ऑथेल्लो’च्या चौथ्या अंकाच्या शेवटी डेस्डिमोना आणि एमिलिया रात्री निजण्यापूर्वी बोलत बसतात. दोघींचे नवरे संशयी. साऱ्या जगाच्या बदल्यातही बायको नवऱ्याला फसवेल का, हा प्रश्न निघतो. डेस्डिमोनाला ते कल्पनेतही पटत नाही. एमिलिया म्हणते की बायका चुकल्या तर त्यात नवऱ्यांचाही दोष असतो, बायकांनाही नवऱ्यांसारखंच मन असतं. स्पर्धेच्या वेळेत बसवायला मारामारी कापा, दारूचा प्रवेश कापा, पण हा प्रवेश ठेवा. नाटकातली दुसरी बरोबरीची जोड इथे आहे.

हे सगळं नाटकापुरतंच राहत नाही. विशीतल्या मुलाला आज समोरच्याला एका शब्दात मोडीत काढायला मोबाईल पुरतो. ज्या माणसाच्या बाजूने आपण कधीच उभे राहणार नाही, त्याचं म्हणणं महिनाभर रोज स्वतःच्या तोंडाने, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी बोलायचं, आणि तरीही तो चूक आहे हे विसरायचं नाही, ही शिस्त तालमीशिवाय दुसरीकडे कुठे मिळेल मला माहीत नाही. कॉलेजांनी नाटकावर वेळ आणि पैसा खर्च करावा याचं माझ्या लेखी हेच सगळ्यात भक्कम कारण आहे.

म्हणून युवा महोत्सवासाठी संहिता निवडणाऱ्या दिग्दर्शकांना आणि प्राध्यापकांना एवढंच सांगणं आहे. दोन बरोबरीचे नट हाताशी नसतील तर ‘ऑथेल्लो’ घेऊ नका, दुसरं नाटक घ्या. असतील, तर कोण कोणती भूमिका करणार हे पहिल्या दिवशी ठरवू नका. दोघांना दोन्ही भूमिका पाठ करायला लावा आणि मगच निर्णय घ्या.