नमुना सही

माणूस बदलतो की नाही, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या आहेत. आमच्या बँकेनं मात्र तो केव्हाच निकालात काढला आहे. माणूस बदलत नाही! खातं उघडताना जी सही केली, तीच त्यानं मरेपर्यंत करायची. मधे त्याचं लग्न होवो, घरात वाटण्या होवोत, नातवंडं होवोत; सहीतली वेलांटी हलता कामा नये. हलली, की काउंटरमागे मी आहेच. वडशाच्या शाखेत वर्षानुवर्षं मी हेच करतो. संगणकाच्या पडद्यावरची नमुना सही बघायची, फॉर्मवरची बघायची आणि मान हलवायची. उभी की आडवी, एवढाच प्रश्न. सही करणाऱ्या हाताच्या वर एक चेहराही असतो, हे आमच्या नियमांत कुठं लिहिलेलं नाही.

तसे वडशात चेहरे कमी नाहीत. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं हे माहेरघर. दिवाळी झाली की गावभर नटनट्यांचे फलक लागतात. एक हसतोय, एक रडतेय, एक दातओठ खातोय. सगळं कसं ठसठशीत, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावं असं! हे फलक बघता बघता मला एकदा प्रश्न पडला. रागावलेला माणूस रंगवता येईल हो. पण राग निवळत चाललेला माणूस कसा रंगवायचा? नाटकाला रात्रभराची मुदत असते. पहिल्या अंकात बायकोला घराबाहेर काढणारा नवरा पहाटेपर्यंत तिची माफी मागतो. मधल्या वेळात आपणही दोनदा चहा पिऊन येतो. चित्राला एवढी मुदत कोण देणार? ते बिचारं जागचं हलत नाही.

उत्तर मिळालं ते एलटीसीवर. मुदत संपत आली होती म्हणून आम्ही अजिंठ्याला गेलो. कलेची ओढ वगैरे काही नव्हती. तिथलं सोळावं लेणं पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं करवून घेतलं. हरिषेण वत्सगुल्मचा, म्हणजे आपल्या वाशीमचा. बँकेच्या खर्चानं विदर्भातून पळालो, तर तिथंही विदर्भच भेटला!

या लेण्यात नंदाची गोष्ट रंगवली आहे. नंद हा बुद्धांचा सावत्र भाऊ. सुंदरी नावाच्या बायकोत गुंतलेला. बुद्धांनी त्याच्या हाती भिक्षापात्र दिलं. ते परत द्यायला भिडेपोटी हा मागोमाग गेला आणि मुंडन होऊन बसला. मन मात्र घरीच. मग बुद्धांनी त्याला स्वर्गातल्या अप्सरा दाखवल्या. झालं! हा अप्सरांसाठी तप करू लागला. जास्त व्याज दिसलं की ठेव मोडून दुसरीकडे नेणारे खातेदार आमच्याकडेही आहेत. पुढं त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो खरोखरीचा भिक्षू झाला.

आता एवढा मोठा पालट चित्रकारानं दाखवावा कुठं? त्या भिंतीवरचं सगळ्यात गाजलेलं चित्र नंदाचं नाहीच. ते सुंदरीचं आहे. निरोप्या नंदाचा मुकुट घेऊन आला आहे. मुकुट आला, डोकं आलं नाही; तिला काय ते कळलं. मान कललेली, अंगातलं बळ गेलेलं. एकजण मागून सावरतेय, एकजण वारा घालतेय. लोक या चित्राला ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणतात. पोथी नंदाच्या मागे जाते; चित्र हिच्यापाशी थांबतं. नंद किती बदलला, हे सुंदरीची मान सांगते.

आमची ही बराच वेळ बघत होती. म्हणाली, “अहो, ती वारा घालणारी बघा. तिला आधीच कळलं असणार.”

परत आलो, बिल सादर केलं आणि विसरून गेलो.

मार्चमध्ये एक निवृत्त गुरुजी पेन्शन काढायला आले. बरोबर आठनऊ वर्षांची नात. सही जुळेना. पुन्हा करायला लावली. ती तर पहिलीशीही जुळेना.

“हात कापते ना जी आता,” गुरुजी म्हणाले. “ही गेली तेव्हापासून.”

मागे रांग वाढत होती. साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, “मग अंगठा लावा.”

ज्या माणसानं जन्मभर पोरांची अक्षरं गिरवून घेतली, त्याला मी हे सांगितलं. गुरुजींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी अंगठा शाईला टेकवला आणि फॉर्मवर उमटवला. पण मागचा माणूस उगाचच पंख्याकडे बघू लागला. आणि त्या पोरीनं आजोबांचा हात ओढून घेतला, अंगठा आपल्या फ्रॉकला पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. सोळावं लेणं काउंटरपलीकडे उभं होतं. गुरुजींच्या आत त्या क्षणी काय मोडलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर वाचावं लागलं.

आता खरं सांगतो. सही बदलली तर नव्यानं नमुना सही घ्यायची सोय नियमांत आहे. मला ती पाठ होती. रांग मोठी होती, एवढंच.

पुढच्या महिन्यात गुरुजींना आत खुर्ची दिली, साहेबांना विचारून नवी नमुना सही घेतली. कापरी, डोंगरदऱ्यांची, पण त्यांचीच. गुरुजी म्हणाले, “बरं झालं जी.” नात बाकावरून माझ्याकडे बघत होती.

मी बदललो का? आरशात पाहिलं, तर तिथं जुनाच कारकून होता. उत्तर असेल तर त्या पोरीच्या चेहऱ्यावर असेल. ते वाचायचं धैर्य मला झालं नाही. मी आपली मान खाली घातली आणि म्हणालो, “चला, पुढचा कोण?”